लेप्पाओयावरचा धूर

लेप्पाओया ओढा, इवालो नदीच्या वर
६ ऑक्टोबर १८७२

वेडी? मी वेडी?

हे बघ दादा, बाकी विचारपूस नंतर. तुझं पत्र ऊलाने आणून दिलं आणि मी मूर्ख, त्याच्यासमोरच फोडलं. ऊला म्हणजे रेनडिअरच्या घसरगाडीतून टपाल आणतो तो. त्याला आपली अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून अब्रू वाचली. पण माझं तोंड वाचता येतं त्याला. म्हणाला, "भाऊ का?" म्हटलं, "हो." म्हणाला, "दिसतंय."

'बायकोला रानात टाकून जाणारा नवरा कसला', असं लिहितोस तू. दादा, ईसाक्की मला टाकून नाही गेला. ठेवून गेलाय. फरक आहे. तो तुला कळत नाही, कारण तू शेतकरी. शेत काही कोणी उचलून नेत नाही.

इथलं वेगळं आहे. थंडी पडली की सरकारी साहेब बोचकी बांधून दक्षिणेला पळतात. ते गेले की इथे कायदा म्हणजे धूर. ज्याच्या खोपटातून धूर निघतो त्याचा सोन्याचा खड्डा त्याचा. लागोपाठ तीन रविवार धूर दिसला नाही, की शेजाऱ्याने यायचं, आपली खुंटी ठोकायची, आणि कोणी हूं की चूं करायचं नाही. तेवढंही थांबायचं नसेल, खड्डा सोडायचाच असेल, तर घरातल्या माणसाने आपल्या चुलीतली थंड राख शेजाऱ्याच्या उघड्या हातावर ठेवायची, साक्षीला तिसरा माणूस ठेवून. ठेवली की संपलं. नवऱ्याने ठेवली काय, बायकोने ठेवली काय, एकच. गेल्या वर्षी तुर्कूकडच्या एकाने ठेवली होती. लहान पोरासारखा रडत होता. पण असला वेडेपणा कोण करतं?

तर, ईसाक्की उन्हाळ्याचं सोनं घेऊन ओउलूला गेलाय विकायला. नाताळच्या आत येईल. पीठ, मीठ आणि खिडकीची काच घेऊन. तोवर धूर माझ्याकडे. खायला भरपूर आहे. पीठ आहे, खारवलेला मासा आहे, सुकं मांस टांगलंय. कॉफीसुद्धा आहे. (ती जरा जपून.)

सोनं किती ते विचारू नकोस. असलं पत्रात लिहीत नाहीत. एवढंच सांगते, रिकाम्या खड्ड्यावर कोणी बायको राखण ठेवत नाही.

आणि हो. माझ्या लग्नात, सगळ्यांच्या देखत, हातात बिअरचा मग घेऊन तू म्हणाला होतास, "भाकरी मागत परत येशील." मी विसरलेली नाही. वहिनीला विचारल्याचं सांग. पोरांना पापा.

लोवीसा


कोर्पिला, पुदासयार्वी
१० नोव्हेंबर १८७२

लोवी,

बरं बाई, वेडी नाहीस. मी वेडा. झालं? ते लग्नातलं बिअर बोलली होती, मी नाही. बिअर पण आपल्याच घरची, म्हणून जास्त बोलली.

आता ऐक. दाजी येऊन गेला! ओउलूच्या वाटेवर मुद्दाम वळून आला, दोन दिवस राहिला. नवे बूट, करकर वाजणारे. हिल्प्पाने त्याला चुलीजवळची जागा दिली, जी मला लग्न झाल्यापासून मिळालेली नाही. जेवण झाल्यावर त्याने खिशातून चिंधी काढली, चिंधीतून चिंधी, आणि त्यातून एक दाणा. लोवी, दाणा कसला! कोकराच्या कानासारखा, चपटा, एका कडेला चीर. त्याने हिल्प्पाच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "चावून बघा वहिनी." तिने चावला. तिचा दात उमटला त्यावर. तेव्हापासून ती कोणाला हसताना दिसली तर समज, तो दात दाखवतेय.

(हे हिल्प्पा सांगतेय, लिहितोय मी: लोवी, मऊ असतं गं. लोण्यासारखं नाही, पण मऊ. मला रात्री स्वप्नात पण तोंडात आलं. तू रोज बघत असशील, तुला काय अप्रूप!)

तर दाजी म्हणतो, अर्धा खड्डा तुम्ही घ्या. बाहेरच्याला देण्यापेक्षा घरात राहू दे. मी म्हटलं, बाबा रे, माझ्याकडे दगड आहेत, ते देऊ का? यंदा सातूवर ऑगस्टमध्येच हिव पडलं. हिरवाच कापला, गुरांना घातला. पण खरं सांगतो, तो गेल्यापासून झोप नाही. मी हिल्प्पाला म्हटलं, थापा मारत असेल. तिने तुझं पत्र आणून समोर आपटलं. "रिकाम्या खड्ड्यावर कोणी बायको राखण ठेवत नाही. हे तुझ्याच बहिणीचं. आता बोल."

तूच सांग. खरं खरं. आहे का? नुसतं हो म्हण, मी बाकी विचारत नाही.

दाजी नाताळ झाल्यावर वर येतो म्हणाला.

तुझा
तावेत्ती


लेप्पाओया
१५ डिसेंबर १८७२

दादा,

नाताळ झाल्यावर? आमचं नाताळच्या आत ठरलं होतं. असेल काही. वाटा वाईट आहेत.

नवे बूट घेतले ते बरं केलं त्याने.

अर्ध्या खड्ड्याचं मला काही बोलला नव्हता. म्हणजे बोलला असेल, माझं लक्ष नसेल. खोपटात वारा फार वाजतो. पण तू घाई करू नकोस, एवढं ऐक. शेत कोणी उचलून नेत नाही असं मीच म्हणाले ना?

सूर्य गेला. आता जानेवारीत तोंड दाखवेल. दुपारी थोडा वेळ आभाळ निळसर होतं, तेवढ्यात लाकूड आणायचं. जवळची झाडं संपली, रोज थोडं पुढे जावं लागतं. आणि पुढे गेलं की मागे वळून बघत राहायचं, धूर आहे ना, आहे ना. तू कधी आपल्याच घराकडे असं चोरासारखं बघितलंयस?

या अंधारात धूर दिसत नाही, म्हणून ठिणग्या बघतात. बघणारा एकच, हेम्मिंकी. वरच्या खड्ड्यातला म्हातारा. त्याला एक कान नाही, थंडीने नेला. आठवडाभर माणूस चांगला. फावडं देतो, मासा देतो, माझ्या कॉफीला नावं ठेवत दोन कप पितो. पण रविवारी टेकाडावर जाऊन उभा राहतो, माझ्या छपराकडे बघत. मी हात हलवते. तो हलवत नाही. रविवारी तो शेजारी नसतो, वारस असतो.

नाताळला सगळे ईनारीच्या चर्चला जाणार. ऊला म्हणाला, "चल, गाडीत जागा आहे." जाऊन यायला आठवडा, आणि मध्ये रविवार. एक चुकला की तिनाची मोजणी सुरू. नाही म्हटलं. त्याने चुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "आमच्यात कुत्र्याला बांधतात. पण संध्याकाळी सोडतात."

मी हसले. तू पण हस.

बरं, वहिनीला सांग, तिला एक दाणा पाठवणार आहे, माझ्या हातचा. खड्ड्यातली गोठलेली रेती बादलीने आत आणते, चुलीपाशी मऊ होऊ देते, बर्फाचं पाणी करून कणीक मळायच्या परातीत धुते. अजून हाताला लागलं नाही. लागेल. उन्हाळ्यात धुणं ईसाक्की एकटा करायचा, मला स्वयंपाक असायचा, म्हणून हात बसलेला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: अजून थांब.

लोवीसा


कोर्पिला
१२ जानेवारी १८७३

लोवी,

'अजून थांब' म्हणतेस! मी हिल्प्पाला वाचून दाखवलं तर ती टाळ्याच वाजवायला लागली. म्हणाली, "नसतं तर सरळ नाही म्हणाली असती. थांब म्हणजे आहे, पण सगळं आपल्यालाच पाहिजे." मी तिला ओरडलो. पण मनात मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू.

ठरवलं एकदाचं. शेत आणि घर गावातल्या व्यापाऱ्याच्या नावावर करतो. तो पैसे दाजीला देणार, दाजी अर्धा खड्डा माझ्या नावावर करणार. सगळं न्यायसभेत, साक्षीदारांसमोर. सभा मार्चमध्ये होती, आता न्यायाधीश आजारी म्हणून एप्रिलच्या शेवटाला गेली. सोन्यात थोडा वाटा व्यापाऱ्यालाही हवाय, म्हणून तोवर त्याने एकच अट घातलीय, वरून येणाऱ्या माणसांना तो विचारत राहणार, लेप्पाओयावर धूर आहे ना? धूर असेल तर सौदा. म्हणून दाजीचा निरोप: लोवीला सांगा, सभा होईपर्यंत आग विझू द्यायची नाही.

तो ओउलूलाच आहे. त्याला आता वर येणं जमणार नाही, कामं फार. उन्हाळ्यात पार उत्तरेला, रुइयाच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन मासेमारीची नाव घेणार म्हणतो! बघ, पैसा कसा बोलतो. मी विचारलं, आणि खड्डा कोण खणणार? म्हणाला, तुम्ही आहात की!

मला बूट पण बघून ठेवलेत हिल्प्पाने. करकर वाजणारे.

तावेत्ती


लेप्पाओया
९ फेब्रुवारी १८७३

दादा,

सही करू नकोस.

हे आधी वाच. मग परत वाच. बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

खड्डा रिकामा आहे. पूर्वेची भिंत धुतली, पश्चिमेची धुतली, तळाशी खडक लागेपर्यंत खरवडला. खड्ड्यात आग लावून माती सैल केली, पुन्हा धुतली. नाताळपासून दुसरं काही केलेलं नाही. बोटांची सालं निघाली. परातीत काळी वाळू उरते. दोनदा काहीतरी पिवळं चमकलं. तेवढं वहिनीच्या पापणीवर ठेवलं तर तिला कळणारसुद्धा नाही.

मग तो कोकराच्या कानासारखा दाणा कुठला? ते पण कळलं. मी सहज हेम्मिंकीला तुझं पत्र वाचून दाखवत होते, त्या ओळीपर्यंत आले तर म्हातारा कपासकट उभा राहिला. "माझा कान!" मला वाटलं भ्रमिष्ट झाला. तर तसं नव्हतं. ज्या आठवड्यात त्याचा कान थंडीने झडला, त्याच आठवड्यात त्याला तो दाणा सापडला होता, म्हणून त्याचं नावच 'कान'. देवाने एक नेला, एक दिला, असं सांगत सगळ्यांना दाखवायचा. ऑगस्टमध्ये पत्त्यांत हरला. ईसाक्कीकडे.

आमच्या उन्हाळ्याचं सोनं म्हणजे तेवढंच, दादा. दुसऱ्याचा कान.

आणि मी इथे कशाला, ते आता कळलं मला. मी राखण नाही. खड्ड्यात राखायला काही नाही. मी गळाला लावलेलं आमिष आहे. व्यापारी धूर बघतो, तू मला बघतोस, आणि दोघांना वाटतं, खाली केवढा मासा असेल! ते वाक्य मी लिहिलं, रिकाम्या खड्ड्याचं. तुझ्यासमोर मान खाली जाऊ नये म्हणून. ईसाक्कीला थापच मारावी लागली नाही. माझीच त्याच्या कामी आली.

सगळंच सांगते मग. पीठ डिसेंबरात संपत आलं. आता पाइनची साल सुकवून, कुटून त्यात मिसळते. आपला त्या वर्षीचाच बेत. आठवतं ना, आई गेली ते वर्ष? तू रोज म्हणायचास, "माझं पोट भरलंय, तू खा." तेव्हा तू खोटं बोलत होतास. आज मी खरं बोलतेय. सही करू नकोस.

लोवीसा


कोर्पिला
९ मार्च १८७३

लोवीसा,

तुझं पत्र मी तीन जणांना दाखवलं. चर्चच्या घंटा वाजवणाऱ्याला, व्यापाऱ्याला आणि शेजारच्या म्हाताऱ्या ओल्लीला, जो तरुणपणी रुइयापर्यंत जाऊन आलाय. तिघंही हसले. ओल्ली म्हणाला, "सोनं नसलेला माणूस आहे आहे म्हणत फिरतो. असलेला काही नाही, काही नाही म्हणतो. पोरगी शिकली." व्यापारी तर इतका खूश झाला की मला सिगार दिली. म्हणाला, आता माझी खात्रीच पटली.

एका कानाच्या म्हाताऱ्याची गोष्ट पण छान रचलीस. हेम्मिंकी की कोण तो, तो तर तुझ्या खड्ड्यावर डोळा ठेवून आहे असं तूच लिहिलं होतंस. त्याचं ऐकून तू नवऱ्याला चोर म्हणतेस?

आणि एक सांग. एकच. खड्डा रिकामा, नवरा लबाड, पीठ संपलं. मग तू तिथे का आहेस? धूर का निघतोय? मी गेल्या आठवड्यात आलेल्या माणसाला विचारलं. म्हणाला, रोज निघतो, चांगला जाड, सरळ वर. रिकाम्या खड्ड्यासाठी कोण एवढी लाकडं फोडतं? हिल्प्पा म्हणते, कोंबडी अंड्यावर बसते तशी बसलीय तुझी बहीण, हात लावू देत नाही.

मला राग नाही, लोवी. पण मला अर्धं तरी दे. धाकट्याचा खोकला जात नाही. सातू गेला, बियाणं नाही, एप्रिलनंतर आम्हीही झाडं सोलणार. या शेतात मी वीस वर्षं दगड वेचतोय आणि दर वसंतात जमीन नवे दगड वर ढकलते. मला ते सोनं खरं असायला हवंय. तू नाही म्हणतेस तरी मला आहेच ऐकू येतं. मी काय करू?

सभा ३० एप्रिलला. सही करणार आहे.

तावेत्ती


लेप्पाओया
६ एप्रिल १८७३, ईस्टरच्या आधीचा रविवार

दादा,

तुझा प्रश्न बरोबर आहे. रिकामं आहे तर धूर का?

पत्र वाचून मी खूप हसले. मग बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागले. कुऱ्हाड उचललेली असताना लक्षात आलं, की मी आता, या घटकेला, हे पत्र वाचल्यावरही, लाकडंच फोडतेय. कुऱ्हाड तशीच बर्फात टाकली.

ईसाक्कीसाठी नव्हती रे ती आग. त्याची वाट बघणं नाताळातच संपलं होतं. फेब्रुवारीत ऊला पुन्हा म्हणाला होता, "गाडीत जागा आहे." तेव्हाही मी नाही म्हटलं. बर्फ भुसभुशीत आहे म्हटलं. खरं म्हणजे गाडी दक्षिणेला जाणार होती. दक्षिणेला तुझं घर. तुझ्या घराच्या दारात मी, आणि माझ्या हातात काही नाही. "भाकरी मागत परत येशील." सगळा हिवाळा मी त्या एका वाक्यासाठी झाडं तोडली. नवऱ्याने मला इथे ठेवलं खरं, पण दाराला कडी आतून होती.

आज सकाळी आग विझवली. रेती धुतलेलं पाणी परातीत होतं, तेच ओतलं. केवढा आवाज झाला! मग बसून राहिले, राख गार होईपर्यंत. खोपटात पहिल्यांदाच खरी थंडी शिरली. बरं वाटलं.

हेम्मिंकी टेकाडावर होताच, रविवार ना. धूर थांबलेला बघून म्हातारा स्कीवरून असा सुटला की त्याच्या टोपीला त्याच्यामागून यावं लागलं. आणि काखेत खुंटी! म्हणजे हिवाळाभर दर रविवारी तो खुंटी घेऊन उभा होता. ऊला सकाळी टपाल घेऊन आला होता, त्याला मी थांबवून ठेवलं होतं.

मी राख ओंजळीत घेऊन बाहेर आले. म्हटलं, "हात पुढे करा, म्हातारबा."

त्याने हातमोजा काढला. "पोरी, खरंच देतेस?"

"खरंच."

"ईसाक्की काय म्हणेल?"

"ईसाक्कीला बूट आहेत. चालत येईल आणि सांगेल."

ठेवली. ऊला म्हणाला, "मी बघितलं." झालं. एवढंच असतं ते.

मी म्हटलं, "रिकामा आहे हं. मागून शिव्या नकोत." तर त्याने डोळा मारला. "हो हो. रिकामाच असतो." हाच माणूस, दादा! ज्याने 'माझा कान' म्हणून कॉफी सांडली होती! त्याला सगळं माहीत आहे आणि तरीसुद्धा. खुंटी ठोकून झाल्या झाल्या तो आत गेला, आणि आता मी हे दारात बसून लिहितेय तर तो आतली जमीन कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून बघतोय. मघाशी बाहेर डोकावून विचारलं, "चुलीखाली का?" मी म्हटलं, "चुलीखाली." खणू दे. तेवढीच त्याला ऊब.

तेव्हा मला कळलं, की तुला पटवणं माझ्या हातात नाही. या ओढ्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्याला पटत नाही, तू तर त्याचा काठही बघितलेला नाहीस. म्हणून आता पटवत नाही. तू माझं खरं मान, नको मानूस, हिल्प्पा वहिनीला मी कोंबडी वाटू दे. पण लेप्पाओयावरचा खड्डा आता हेम्मिंकीचा आहे. ईसाक्कीकडे विकायला अर्धा नाही, पाव नाही, काही नाही. हे पत्र आणि ही बातमी ऊला घेऊन निघालाय, आणि जो कॉफी पाजेल त्याला सांगत जाणार आहे. सोदांक्युलाला सांगेल, रोव्हानिएमीला सांगेल. कडक बर्फ आहे, वाट पळते आहे. तुझ्या सभेच्या आधी व्यापाऱ्याच्या कानावर जाईल, की धूर नाही. मग बघ तो सिगार परत मागतो का.

शेत तुझ्याकडे राहील. दगडांसकट. धाकट्याला माझी लोकरी शाल पाठवतेय, छातीला गुंडाळ.

तू रागावशील. त्या वर्षी तू "पोट भरलंय" म्हणून तुझी भाकरी माझ्यापुढे सरकवायचास ना? मला तुझं कधीच खरं वाटलं नव्हतं. मला दिसत होत्या तुझ्या बरगड्या. मी तरी खाल्ली. आता तू खा.

दक्षिणेला येत नाही. ऊला खाली चाललाय, मी वर. रुइयाला मासे कापायला माणसं लागतात. ईनारीहून एक टोळी या आठवड्याच्या शेवटी निघतेय, त्यांत दोन बायका आहेत. ईसाक्कीला नाव घ्यायचीच असली तर येऊ दे म्हणावं, मी धक्क्यावर असेन. हातात सुरी घेऊन.

पत्राच्या घडीत चिमूटभर राख ठेवलीय. लेप्पाओयातून निघालं ते एवढंच. वहिनीला म्हणावं, चावून बघ.

उत्तर लिहू नकोस, इथे घ्यायला कोणी नाही. स्की बांधून झाल्या. ऊला ओरडतोय, शाई गोठते

जाते.